नाशिकमधली खडकबाग आणि फुलती दगडी भिंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्प्सचे किंवा उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे फोटो पाहिले की दगडांच्या फटीत इवली फुलं फुलवायची हौस येते. नाशिकमध्ये दगडाला तोटा नाही. अडतं ते पुढे, आणि पुढचे बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात.

एडलवाइस, जेन्शियन, सॅक्सिफ्रागा ही खरी आल्पाइन फुलं नाशिकला होतील का?

नाही. एखादं रोप हिवाळा काढेल, कदाचित फूलही दाखवेल, पण मे-जून पार करणार नाही.

ही झाडं डोंगरावर जिथे वृक्षांची हद्द संपते त्याच्याही वर राहतात. एडलवाइस आल्प्समध्ये साधारण १८०० ते ३००० मीटरवर सापडतं. तिथला हिवाळा बर्फाखाली जातो. बर्फाचं पांघरूण असल्यामुळे झाड कडक गारठ्यापासून वाचतं आणि ओलंही होत नाही, नुसतं झोपून राहतं. उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, ऊन सणसणीत, पण रात्र गार. आपल्याकडे एप्रिल-मेच्या रात्री पारा विशीच्या वरच असतो. झाड रात्रीही श्वसन करतं आणि रात्र जितकी उबदार तितकं दिवसा साठवलेलं जास्त खर्च होतं. ते असं आतून रिकामं होत आलेलं असतानाच जून उजाडतो. या झाडांची पानं गच्च उशीसारखी दाटलेली असतात. थंड वाऱ्यात ती रचना वरदान असते, पण आपल्या उबदार दमटपणात तिच्यात ओल अडकते आणि झाड मधोमध काळं पडून सडतं.

पण नाशिकला थंडी तर चांगली पडते ना? निफाडचा पारा बघा!

पडते, आणि निफाडला तर काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षवाले रात्री शेकोट्या पेटवतात. पण एवढ्याने आल्पाइन झाडाचं भागत नाही. त्याला काही रात्रींचा गारठा नको, महिनोनमहिने सलग थंडी हवी, आणि त्याहून जास्त गरज थंड उन्हाळ्याची. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला साल्हेर १५६७ मीटरचा आणि राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. म्हणजे आपला डोंगरमाथासुद्धा आल्पाइन पट्ट्याच्या बराच खाली राहतो.

मग खडकबाग करायचीच नाही का?

करायचीच. फक्त आल्प्सची झाडं सोडून आल्प्सची पद्धत उचलायची. दगड उभे रोवणं, फटीत मुळं खोल पाठवणं, माती हलकी ठेवणं, खोडाच्या मानेशी, म्हणजे खोड मुळांना मिळतं तिथे, पाणी न थांबू देणं, हे सगळं नाशिकला तंतोतंत लागू पडतं. उलट चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं असलेल्या गावाला त्याची गरज जास्त.

झाडांसाठी आपल्याच कातळाकडे बघायचं. श्रावण-भाद्रपदात नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर जा. ज्या खडकावर मे महिन्यात पाय ठेववत नाही, त्याच्यावर बोटभर मातीच्या थरात सीतेची आसवं, नभाळी, तेरडा, सोनकी उभी असते. ही मंडळी आल्पाइन झाडांचाच धंदा करतात, फक्त पंचांग उलटं. त्यांची झोप बर्फात, यांची उन्हाळ्यात. कुणी कंद होऊन जमिनीत पडून राहतं, कुणी नुसतं बी होऊन. अंजनेरीच्या नावानेच ओळखलं जाणारं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली शास्त्रीय नोंदीत आलं. तेही असंच कंदावर उन्हाळा काढतं आणि पावसात वर येतं.

तेव्हा पहिला नियम असा की, नाशिकची खडकबाग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात फुलते. मे महिन्यात ती उदास दिसणारच. त्या वेळी तिला पाणी पाजून जबरदस्तीने जागं करू नये.

दगड कुठला वापरावा?

आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तो तुमच्या बागेत खराब होणार नाही. आणि बेसाल्ट काही कमअस्सल नाही. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ साली जी खडकबाग झाली, तिच्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी आइसलँडहून जहाजात भरून आणलेला लाव्ह्याचाच दगड आहे. लोकांनी समुद्र ओलांडून जो माल नेला, तो आपल्याकडे प्लॉटचा पाया खणताना निघतो.

घट्ट काळ्या दगडाबरोबर थोडा मांजऱ्या मिळाला तर सोन्याहून पिवळं. विहीर खणताना लागतो तो लालसर-जांभळट, भोकाभोकांचा ठिसूळ खडक. तो पाणी धरतो आणि नेच्यांची मुळं त्याला सहज बिलगतात. मात्र तो झिजतो, म्हणून भार पेलायच्या जागी तो लावू नका.

नदीतले गोटे टाळा. दिसायला छान, पण गोल असल्यामुळे त्यांच्यात फट धरत नाही, माती वाहून जाते. पांढऱ्या संगमरवरी चिपांबद्दल मी बोलतच नाही; उन्हात डोळे दिपतात आणि दोन पावसांत शेवाळ धरून हिरव्या होतात.

दगड रचायचे कसे? नुसता ढीग केला तर?

ढीग केला तर तो ढीगच दिसतो. बंगल्याच्या कोपऱ्यात मातीचा उंचवटा आणि त्यावर बुंदीसारखे पेरलेले दगड, ही आपल्याकडची ठरलेली खडकबाग. पहिल्या मोठ्या पावसात माती खाली येते आणि दगड वर तरंगतात.

चांगली रीत म्हणजे फटींची बाग. चपटे दगड आडवे न ठेवता कडेवर उभे रोवायचे, सगळे एकाच दिशेने, किंचित एका अंगाला कललेले, जणू खालून एकच खडक वर आलाय आणि त्याचे थर उघडे पडलेत. प्रत्येक दगडाचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. दोन दगडांत दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवायची. दगड रोवून झाला की त्यावर उभं राहून बघायचं. हलला तर काढून पुन्हा रोवायचा.

हे काम करतं कसं, तेही लक्षात घेतलेलं बरं. फटीत पाणी झटकन खाली उतरतं, त्यामुळे मानेशी कोरडं आणि तळाशी ओल राहते. मुळं त्या ओलीच्या मागे खोल जातात. वर दगड तापला तरी हातभर खाली तो गार असतो. मे महिन्यात दुपारी एखादा रोवलेला दगड उपसून पाहा. वरची बाजू हाताला चटका देते आणि खालच्या बाजूला ओलसर माती चिकटलेली असते, कधी तिच्यात पांढऱ्या मुळांची जाळीही दिसते.

सगळ्यात वर दोन बोटं बारीक खडीचा थर द्या. पानं चिखलाने बरबटत नाहीत, तणही कमी येतं.

माती कुठली? आमच्याकडे काळी आहे.

काळी माती खडकबागेत नको. पावसात फुगते, गच्च होते. उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते. द्राक्षाला, उसाला ती लाखमोलाची, इथे मारक.

मिश्रण साधं आहे: दोन भाग बारीक खडी किंवा धुतलेली क्रश सँड, एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. क्रश सँड धुऊनच घ्या, तिच्यातली दगडाची पूड पाण्याबरोबर सिमेंटसारखी बसते. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा. मूठ उघडल्यावर लाडू सुटला पाहिजे. लाडू टिकला तर आणखी खडी घाला. खाली मुरूम असेल तर उत्तमच. काळी असेल तर वीतभर खणून डबर भरा आणि त्या पाण्याला बाहेर जायला वाट काढून द्या, नाहीतर तो खड्डा म्हणजे हौद होतो.

दगडी भिंतीत फुलं लावायची आहेत. भिंत कशी बांधून घेऊ?

कोरडी. सिमेंट नाही, चुना नाही. शेताच्या बांधाला जशी दगडाची ताल घालतात तशी, मागे मातीचा भराव धरणारी. भिंतीत राहणाऱ्या झाडाचं अन्नपाणी मागच्या भरावातून येतं, म्हणून हा भराव नसेल तर सगळंच व्यर्थ.

गवंड्याची समजूत काढणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. त्याचा हात ओळंब्याकडे जातो, आणि संध्याकाळी तुमची पाठ वळली की तो दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरून मोकळा होतो. त्याला आधीच सांगा: भिंत सरळ नको, मागे रेललेली हवी. दर ३० सेंटिमीटर उंचीला साधारण ५ सेंटिमीटर मागे. प्रत्येक दगडाचा माथा आतल्या बाजूला थोडा उतरता, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळून न जाता आत भरावात शिरेल. सांधमोड नेहमीसारखीच, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. अधूनमधून लांब दगड घालून ते भरावात खोलवर जाऊ द्यायचे. चिपा मागून ठोकायच्या, पुढून नाही. भिंत मांडीपर्यंत, फार तर कमरेपर्यंत. त्याहून उंच करायची तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. ओला भराव ढकलतो तेव्हा चेष्टा नसते.

आणि झाडं भिंत बांधतानाच लावायची. एक थर झाला की त्यावर मातीचा हात फिरवायचा, रोप आडवं निजवायचं, मुळं मागे भरावाच्या दिशेने पसरायची, मान दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायची, वर माती, मग पुढचा दगड. मुळं चेपू नयेत म्हणून त्या दगडाखाली दोन्ही बाजूंना चिप द्यायची. असं लावलेलं झाड भिंतीचंच होऊन जातं. भिंत उभी राहिल्यावर काडीने भोक पाडून कोंबलेली रोपं दहातली फार तर दोन-तीन जगतात. बांधून झालेल्या भिंतीत काही लावायचं असेल तर रोपापेक्षा बी बरं: ओल्या चिखलात बी कालवायचं, गोळी करायची आणि पावसाच्या तोंडावर फटीत दाबायची. तेरड्याला एवढं पुरतं.

आमची कंपाउंड वॉल विटा-सिमेंटची आहे. तीत भोकं पाडली तर?

नको. भिंत जाईल आणि झाडही येणार नाही. तिच्या पायथ्याशी गुडघ्याएवढी कोरडी दगडी ताल घाला, मध्ये वीतभर अंतर सोडून. ओल सिमेंटच्या भिंतीला लागू देऊ नका, शेजारच्यांशी वाद होतो.

भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला करावं?

पूर्व पहिली, उत्तर दुसरी, दक्षिण हिवाळी फुलांसाठी. पश्चिमेची भिंत म्हणजे तवा. काळा दगड दुपारभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत बसतो. तिथे निवडुंग आणि कोरफड.

एक बारकावा असा की नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. म्हणजे एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या भिंतीला नेमकं मेअखेर ऊन लागतं. तिथे हंसराज, म्हणजे नाजूक पानांचा नेचा, लावला असेल तर तेवढे पंधरा-वीस दिवस, पाऊस येईपर्यंत, हिरव्या शेडनेटचा तुकडा टाका.

झाडं कोणती लावू? नावं सांगा.

उन्हातल्या फटींसाठी माझी पहिली पसंती विष्णुक्रांत. माळरानावर मुरमात पसरते म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान निळं फूल, सकाळी उघडतं, दुपारी मिटतं. जेन्शियनच्या निळाईसाठी जीव टाकणाऱ्यांनी श्रावणातल्या सकाळी ते गुडघ्यांवर बसून पाहावं. नर्सरीत ते सहसा मिळत नाही. मिळते ती त्याची परदेशी बहीण, फूल मोठं, तीही चालते. देशी हवी तर आपल्याच प्लॉटवरचं बी गोळा करा.

ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब, पश्चिमेलाही तगतो. रेन लिलीचे कंद फटीत पाच सेंटिमीटर खोल घाला. मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवसांत फुलं वर. जलपिंपळी दगडावरून छान उतरते, पण आक्रमक आहे, तिला वेगळा कोपरा द्या. सावलीतल्या ओल्या फटीत हंसराज. जुन्या विहिरींच्या चिऱ्यांत तो आपण होऊन येतो, तेव्हा जागा त्याची आहे हे उघड आहे.

हिवाळ्यासाठी अलिसम आणि डायँथस. अलिसम मुळातच समुद्रकाठच्या खडकांवरचं झाड. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी टाकलं की डिसेंबर ते फेब्रुवारी भिंतीवरून पांढरा ओघळ, मधाचा वास आणि मधमाश्या. मार्चची झळ लागली की संपलं, ओढून काढायचं.

कलांचो लावणार असाल तर रस्त्याचा दिवा कुठे आहे ते आधी बघा. त्याला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते. दिव्याखालचं झाड हिरवंगार राहतं आणि फुलत नाही, मग लोक खत घालत बसतात.

अंजनेरी, ब्रह्मगिरीवरून चार रोपं आणली तर काय बिघडतं?

बरंच. तिथल्या कितीतरी वनस्पती एवढ्याशा टापूतच आहेत, चार-चार करत संपतील. राखीव वनातून रोप उपटणं हा गुन्हाही आहे. शिवाय ती जगत नाहीत. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती. ती त्या पठारावरच्या झिरपत्या, जवळपास क्षारच नसलेल्या पाण्यावर जगते. आपल्या बोअरचं जड पाणी, ज्याने दगडावर पांढरे डाग पडतात, ते तिला मानवत नाही. फोटो काढा, आणि पठारावर पाय कुठे पडतोय ते बघा.

सह्याद्रीतलं एखादं दुर्मीळ कातळझाड कायदेशीर मार्गाने लावता येईल का?

शिंदळ माकुडी. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर राहणारं मांसल झाड. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला फ्रेरिया नाव दिलं. पावसात पानं येतात, मरून रंगाचं, पिवळ्या ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल येतं, आणि कोरड्या दिवसांत पानं गाळून नुसत्या जाड काड्या उरतात. काडी लावून सहज वाढतं, म्हणून रोपवाटिकेत वाढवलेलं मिळू शकतं. विकणाऱ्याला एकच विचारा: काडी कुठली? नीट उत्तर आलं नाही तर घेऊ नका. पूर्वेच्या भिंतीत, वरच्या थराला लावा. पानं गळली की मेलं समजून पाणी ओतू नका.

आमच्याकडे ब्रह्मकमळ आहे, ते दगडात लावू का?

घरोघरी रात्री उमलतं ते मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर वाढणारं निवडुंग. त्याला सावली आणि टांगती कुंडीच बरी. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं झाड आहे, आणि त्याची गत पहिल्या प्रश्नातल्या मंडळींसारखीच होईल.

ऑनलाइन एडलवाइसचं बी मागवलंय. आता काय?

मागवलंच आहे तर गंमत म्हणून करा. ओल्या कागदात गुंडाळून चार-सहा आठवडे फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. नोव्हेंबरात कुंडीत पेरा. मार्चपर्यंत बघायला मजा येते. निळ्या, काळ्या, इंद्रधनुषी रंगांच्या बियांच्या जाहिराती असतील तर मात्र पैसे गेले असंच समजा.

गच्चीवर खडकबाग चालेल का?

जपून. जाण्या-येण्याच्या गच्चीसाठी डिझाइन करताना साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर एवढाच वापराचा भार धरतात. वीतभर जाडीची ओली माती आणि दगड याच्या दुप्पट सहज भरतात. म्हणून सबंध वाफा नको, एखादी डोणी करा. गावाकडे गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी पडून असेल तर तिच्यासारखी जागा नाही; विलायतेतही लोक अशाच जुन्या डोण्यांत आल्पाइन लावतात. फुटकं उखळसुद्धा चालतं. तळाला भोक पाडून घ्या. ठेवायची ती भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर, स्लॅबच्या मधोमध नाही.

पाणी किती?

हिवाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, सकाळी, भरपूर. रोज शिंपडण्याने मुळं वरच राहतात. उन्हाळ्यात झोपलेल्या झाडांना पंधरवड्यातून एकदा, तेही संध्याकाळी. भिंतीला वरून भरावात ठिबकची एक नळी टाकली की झालं. नाशिकमध्ये ठिबक बसवणारा शोधावा लागत नाही.

पावसाळ्यात सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणारी मांसल झाडं, सडतात, उपाय?

पाऊस नव्हे, साचलेलं पाणी आणि कोंडलेली हवा मारते. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तो बहुतेक सक्युलंट फटीत उभे राहून सोसतात. तुम्ही त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे असाल तर गणित वेगळं. इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. तिथे सक्युलंट विसरा आणि नेचे, रानबेगोनिया, तेरडा यांची भिंत करा. अशी हिरवी भिंत आम्हा शहरवाल्यांना जमत नाही.

खत?

जवळजवळ नको. जास्त खाल्लेलं झाड उंच, लुसलुशीत होतं आणि त्यावर पिठ्या ढेकूण बसतो. तो दिसला तर ब्रशने घासून काढा, निंबोळी तेल फवारा.

दगडांत साप-विंचू येतील का?

विंचू येऊ शकतो. मातीने भरलेल्या अरुंद फटींत त्याला जागा मिळत नाही; बाजूला रचून ठेवलेल्या मोकळ्या दगडांच्या ढिगात मिळते. तेव्हा उरलेले दगड महिनोनमहिने पडू देऊ नका. दगड उचलताना तो आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खालचा पाहुणा पलीकडे निघतो. आणि हातमोजे घाला.

भिंतीत पिंपळ उगवलाय. सासूबाई तोडू देत नाहीत.

तोडू नका, हलवा, पण आजच. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं ते बी पहिल्या पावसाळ्यात वीतभर असतं, तेव्हा फटीत पाणी सोडून, दगड जरा सैल करून मुळासकट निघतं. ते कुंडीत लावून पुढे मोकळ्या जागी किंवा देवळाच्या आवारात, विचारून, द्या. दोन वर्षं थांबलात तर मुळं दगड फाकवतात आणि मग भिंत उतरवल्याशिवाय इलाज नसतो. उंबर आणि वडाचंही तेच. गणपती झाले की दर वर्षी भिंतीवरून एक नजर फिरवावी, तोपर्यंत कोवळी पानं ओळखू येण्याइतकी झालेली असतात.